गाडीचं मीटर खरं किती, खोटं किती?

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



काटा पारखून घ्यावा, हे आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. कांद्याची गोणी काट्यावर चढली की आपली नजर आकड्यावर असते. डेअरीत दुधाचं माप, फॅटचं मशीन, पंपावर डिझेल भरताना शून्याचा आकडा, सगळीकडं आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. पण ज्या मीटरच्या भरवशावर आपण भाडं देतो, गाडीचं ऍव्हरेज काढतो, इंजिनाचं ऑइल बदलतो आणि जुनी गाडी लाखांत विकत घेतो, ते गाडीचं मीटर मात्र कुणी तपासून पाहत नाही. मीटर बोलेल तो आकडा खरा, असं आपण धरून चालतो.

तिसगाव परिसराचंच घ्या. गावातून कल्याण–विशाखापट्टणम महामार्ग जातो. कांदा नगरला किंवा घोडेगावला न्यायचा, ऊस कारखान्यावर न्यायचा, पेशंट दवाखान्यात न्यायचा, मढीला नाहीतर मोहट्याला देवदर्शनाला जायचं, म्हणजे पिकअप, जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकल यांच्याशी रोजची गाठ. त्यामुळं आज आपण या मीटरचीच उलटतपासणी करू. ते किती खरं बोलतं, कुठं चुकतं, कुठं त्याला मुद्दाम खोटं बोलायला लावलेलं असतं, आणि घरच्या घरी, पदरचा पैसा न घालता, ते कसं पारखायचं, हे पाहू.

मीटर एक दिसतं, पण कामं दोन

गाडीच्या समोरच्या तबकडीत दोन गोष्टी असतात. एक वेगाचा काटा, म्हणजे स्पीडोमीटर. गाडी या घटकेला ताशी किती किलोमीटरनं पळते आहे ते तो सांगतो. दुसरी म्हणजे आकड्यांची खिडकी, म्हणजे ओडोमीटर. गाडी आजवर एकूण किती किलोमीटर चालली ते ती सांगते. आपण याला नुसतं 'रीडिंग' म्हणतो.

या दोघांची गल्लत करू नका. दोघं शेजारी बसतात, पण दोघांचं काम वेगळं आणि दोघांच्या चुकाही वेगळ्या. एक खोटा असला म्हणजे दुसरा खोटाच असेल असं नाही.

अंतर मोजायची युक्ती फार जुनी आहे. आपल्या बैलगाडीच्या चाकाला एका जागी चिंधी बांधा आणि चाकाचे फेरे मोजा. चाक पाच फूट व्यासाचं असेल तर एका फेऱ्यात गाडी पंधरा फूट आणि वर आठ-साडेआठ इंच पुढं जाते. असे सुमारे २०९ फेरे झाले की एक किलोमीटर झाला. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोकांच्या काळात व्हिट्रुव्हियस नावाच्या स्थापत्यकारानं हीच युक्ती लिहून ठेवली आहे. त्याच्या रथाचं चाक ४०० वेळा फिरलं की दात्यांच्या चाकांमधून एक खडा खालच्या पेटीत पडायचा. पेटीतले खडे मोजले की किती मैल झाले ते कळायचं. आजचं ओडोमीटर हेच करतं. खड्याऐवजी आकडा पुढं सरकतो, इतकंच.

आतली रचना कशी असते?

जुन्या जीपला, मोटारसायकलला, नगरला तयार झालेल्या लुनाला किंवा पुण्याच्या जुन्या स्कूटरला एक लवचिक तार असते. तिला आपण मीटरची केबल म्हणतो. बहुतेक दुचाकींत ती पुढच्या चाकातून येते, जीप-पिकअपमध्ये गिअरबॉक्समधून. चाक फिरलं की तार फिरते. तारेच्या वरच्या टोकाला दात्यांची छोटी चाकं असतात, ती आकड्यांचे ड्रम पुढं ढकलतात. म्हणजे किलोमीटरचा हिशेब हा सरळ दात्याला दाता असा चालतो.

वेगाच्या काट्याचं तसं नाही. तारेच्या टोकाला एक लोहचुंबक असतो. तो ऍल्युमिनियमच्या वाटीत फिरतो, पण वाटीला शिवत नाही. चुंबक फिरला की वाटीत वीज खेळते आणि वाटी चुंबकामागं ओढली जाते. बारीक स्प्रिंग तिला मागं धरते. चुंबक जितका जोरात फिरेल, तितकी वाटी जास्त वळते, आणि वाटीला बसवलेला काटा तितका पुढं जातो. ऑटो शुल्झ नावाच्या गृहस्थानं १९०२ साली या रचनेचं पेटंट घेतलं आणि त्यानंतर शंभर वर्षं जगभरच्या गाड्या त्याच तत्त्वावर चालल्या.

आता तुमच्या ध्यानात येईल की काटा का चुकतो. चुंबक जुना होऊन मंदावला तर काटा कमी दाखवतो. स्प्रिंग ढिली पडली तर जास्त दाखवतो. केबल कोरडी पडली किंवा तिला मोड आला तर काटा उड्या मारतो. पण दात्यांचा हिशेब यानं बिघडत नाही. काटा नाचत असला तरी किलोमीटर मात्र बरोबर पडत असू शकतात.

नव्या गाड्यांना केबल नसते. गिअरबॉक्सवर किंवा चाकापाशी सेन्सर असतो. तो प्रत्येक फेऱ्याचे ठोके वायरमधून पाठवतो आणि आतला छोटा संगणक ते मोजून वेगही दाखवतो आणि किलोमीटरही. झीज कमी झाली, पण मूळ हिशेब चाकाच्या फेऱ्यांचाच राहिला.

काटा मुद्दाम पुढं का ठेवतात?

नवी कोरी गाडीसुद्धा वेग थोडा जास्तच दाखवते. हा दोष म्हणायचा नाही, ती ठरवून ठेवलेली गोष्ट आहे. आपल्याकडं केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११७ वेगाच्या काट्याविषयी आहे. बऱ्याच देशांनी मानलेला संयुक्त राष्ट्रांचा नियम क्रमांक ३९ असं सांगतो की काट्यानं खऱ्या वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये. जास्त दाखवायला मात्र मुभा आहे. मोटारींसाठी ही मुभा खऱ्या वेगाच्या दहा टक्के आणि वर चार किलोमीटर एवढी आहे. म्हणजे गाडी खरोखर ताशी ६० नं जात असेल तर काट्यानं ६० पासून ७० पर्यंत काहीही दाखवलं तरी ते त्या नियमात बसतं.

असं का? तर चालकाला वाटावं साठ आणि गाडी धावावी सत्तरनं, हे जिवावरचं आहे. उलट चूक झाली तर फार तर दोन मिनिटं उशीर होतो. शिवाय टायरांचे प्रकार, हवा, झीज यांनी फरक पडणारच. म्हणून बनवणारे काटा आधीच थोडा पुढं ठेवतात.

गाडी बाजारात येण्यापूर्वी तिच्या नमुन्याच्या चाचण्या होतात. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, म्हणजे एआरएआय, आणि आपल्या नगरची, म्हणजे आताच्या अहिल्यानगरची, संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था, या अशा चाचणी करणाऱ्या संस्था आहेत. पण ही तपासणी नमुन्याची होते. गाडी तुमच्या दारात आल्यावर तिच्या मीटरला पुढं कुणी शिक्का मारत नाही. दुकानाच्या वजनकाट्याला वैध मापन शास्त्र खात्याचा शिक्का लागतो, टॅक्सी-रिक्षाच्या भाड्याच्या मीटरलाही लागतो. पण पिकअपच्या ओडोमीटरला तसा शिक्का नसतो, आणि तरीही आपण त्याच्यावर पैसे मोजतो.

सगळं टायरवर आहे

मीटरला रस्ता दिसत नाही. त्याला फक्त चाकाचे फेरे कळतात. एका फेऱ्यात गाडी किती पुढं गेली हे टायरच्या घेरावर ठरतं. टायर बदलला की मीटरचा हिशेब बदलला.

समजा तुमच्या गाडीच्या नव्या टायरचा व्यास ७० सेंटिमीटर आहे. एका फेऱ्यात गाडी सुमारे २२० सेंटिमीटर पुढं जाते आणि एक किलोमीटरला सुमारे ४५५ फेरे लागतात. आता टायर झिजला. नक्षी ७ मिलिमीटर गेली. व्यासात दोन्ही बाजूंनी मिळून १४ मिलिमीटरची घट, म्हणजे व्यास उरला ६८.६ सेंटिमीटर. आता त्याच किलोमीटरला सुमारे ४६४ फेरे लागतील. फेरे दोन टक्के वाढले, म्हणून वेगही दोन टक्के जास्त दिसेल आणि किलोमीटरही दोन टक्के जास्त पडतील. टायरात हवा कमी असली तरी असाच, पण थोडका फरक पडतो.

यातून एक गंमत होते. नवे टायर टाकले की बरेच जण म्हणतात, 'ऍव्हरेज पडलं.' त्यात थोडा भाग मीटरचाही असतो. झिजलेल्या टायरवर मीटर किलोमीटर वाढवून सांगत होतं, नव्या टायरवर ते खऱ्याच्या जवळ आलं.

आता उलटी बाजू पाहा, ती जास्त धोक्याची आहे. गाडी उंच दिसावी, माल जास्त बसावा म्हणून काही जण मूळ मापापेक्षा मोठा टायर चढवतात. ७० च्या जागी साडेत्र्याहत्तर सेंटिमीटरचा टायर चढवला तर व्यास पाच टक्के वाढला. काटा ६० दाखवत असताना पूर्वी गाडी जितकी जात होती, त्यापेक्षा आता ती पाच टक्के जास्त वेगानं जाईल. वेग पाच टक्के वाढला की ब्रेक लावून थांबायला लागणारं अंतर दहा टक्क्यांनी वाढतं, कारण ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. करंजीच्या घाटात कांद्यानं भरलेली गाडी उतरणीला लागलेली असताना हे दहा टक्के म्हणजे दरीचा कठडा आणि गाडी यांच्यातलं अंतर आहे. म्हणून टायरच्या अंगावर लिहिलेलं माप आणि गाडीच्या पुस्तकातलं माप एकच ठेवा.

दुचाकीचं एक लक्षात ठेवा. केबल पुढच्या चाकातून येत असेल तर मीटरला मतलब पुढच्या टायरशी. मागचा टायर बदलून मीटरात फरक पडणार नाही. आणि पुढच्या चाकातला मीटरचा दाता बदलताना दुसऱ्याच मॉडेलचा बसवला, तर रीडिंग कायमचं चुकीचं पडत राहील.

मैलाच्या दगडावर पडताळा

आपण अजून 'मैलाचा दगड' म्हणतो, पण दगडावर किलोमीटर लिहिलेले असतात. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि मेट्रिक पद्धत आली, तेव्हापासून मैल गेले, शब्द राहिला. हेच दगड आपले तपासनीस. पडताळा असा घ्यावा:

एक. सरळ आणि सपाट रस्ता निवडावा. टायरात पुस्तकात सांगितलेली हवा भरावी. बरोबर एक माणूस घ्यावा, आकडे त्याने टिपावेत. चालवणाऱ्याने फक्त रस्त्याकडे पाहावे.

दोन. एका दगडापाशी गाडी कडेला उभी करून रीडिंग लिहून घ्यावे. शेवटचा वेगळ्या रंगाचा आकडा हा किलोमीटरचा दहावा भाग असतो, तोही लिहावा. ट्रिप मीटर असल्यास ते शून्यावर आणावे.

तीन. तिथून निदान दहा दगड पुढे जावे. वीस गेल्यास अधिक चांगले. एका किलोमीटरवर निकाल काढू नये, कारण रस्ता रुंद करताना एखादा दगड मागेपुढे बसलेला असतो.

चार. शेवटच्या दगडापाशी पुन्हा रीडिंग घ्यावे. दहा किलोमीटरला मीटर १०.६ पुढे गेले असेल तर ते सहा टक्के जास्त दाखवते. ९.७ गेले असेल तर तीन टक्के कमी दाखवते.

पाच. परत येताना पुन्हा मोजावे. दोन्ही वेळा आकडा जुळला तर तो वहीत लिहून ठेवावा.

आता वेगाचा काटा. काटा ४० वर अगदी स्थिर धरायचा आणि एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत किती सेकंद लागले ते शेजारच्यानं घड्याळावर मोजायचं. मग ३६०० ला त्या सेकंदांनी भागायचं. येईल तो खरा वेग. भागाकार नको असेल तर हे पाठ करा: एका किलोमीटरला १२० सेकंद लागले तर खरा वेग ताशी ३०, १०० सेकंद लागले तर ३६, ९० लागले तर ४०, ८० लागले तर ४५, ७२ लागले तर ५० आणि ६० लागले तर ६०. काटा ४० वर असून १०० सेकंद लागले, तर खरा वेग ३६. काटा चार किलोमीटर पुढं आहे. रस्ता मोकळा असेल तरच हा प्रयोग करा, रहदारीत नको.

आता तुम्ही म्हणाल, मोबाईल असताना दगड कशाला? मोबाईलमधलं जीपीएस आभाळातल्या उपग्रहांवरून जागा काढतं, त्याला टायरशी देणंघेणं नाही. सरळ रस्त्यावर, वेग स्थिर असताना, त्याचा वेगाचा आकडा चांगला भरवशाचा असतो. पण वेग एकदम वाढवला किंवा कमी केला तर ते क्षणभर मागं राहतं. घाटात, वळणावळणाच्या रस्त्यावर ते वळणं कापून अंतर कमी धरू शकतं. म्हणून दगड आणि मोबाईल, दोन्हींनी मोजा. दोन साक्षीदार एकच बोलले की निकाल पक्का.

भाडं आणि ऍव्हरेज

समजा तुम्ही पिकअप किलोमीटरला २० रुपये या दरानं ठरवली. जाऊन-येऊन खरं अंतर २०० किलोमीटर. मीटर सहा टक्के जास्त दाखवत असेल तर ते २१२ दाखवील. ४,००० च्या जागी ४,२४० रुपये गेले. एका खेपेला २४० रुपये जास्त. हंगामात दहा खेपा झाल्या तर २,४०० रुपये. गाडीवाल्यानं लबाडी केली असंही नाही. त्यालाही ठाऊक नसतं. म्हणून सगळ्यात बरं म्हणजे नेहमीच्या ठिकाणांचं अंतर एकदा दगडांवरून ठरवून घ्यावं आणि भाडं खेपेवर बोलावं. कारखान्याच्या ऊस वाहतुकीचा दरही अंतराच्या टप्प्यांवर ठरतो. आपलं शेत कोणत्या टप्प्यात धरलं आहे ते विचारून घ्या, आणि सीमेवर असाल तर स्वतः मोजून ठेवा.

ऍव्हरेजचंही तसंच. टाकी काठोकाठ भरावी, गाडी चालवावी, मग त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी. दुसऱ्या वेळी २५ लिटर लागलं आणि मीटरवर ५३० किलोमीटर पडले, तर आपण म्हणतो गाडी एकवीसच्या वर देते. पण मीटर सहा टक्के पुढं असेल तर खरे किलोमीटर ५००, आणि ऍव्हरेज २०. खर्चाचा हिशेब वीसवर मांडा.

हा प्रश्न आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेत २००२ ते २००६ या काळातल्या होंडाच्या मोटारींचं ओडोमीटर किलोमीटर वाढवून मोजतं अशी तक्रार ग्राहकांनी कोर्टात नेली. वॉरंटी किलोमीटरवर असते, मीटर जास्त पळालं की वॉरंटी लवकर संपते, हा त्यांचा मुद्दा. शेवटी तडजोडीत कंपनीनं वॉरंटीची मर्यादा पाच टक्क्यांनी वाढवून दिली. चार-पाच टक्के दिसायला थोडे, पण हिशेबाला थोडे नाहीत.

ट्रॅक्टरचं तासमीटर

ट्रॅक्टरचं वय किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. ऑइल, फिल्टर, सर्व्हिसिंग, सगळं तासांवर. इथं एक मेख आहे. जुन्या ट्रॅक्टरचं तासमीटर इंजिनाला जोडलेलं असतं, घड्याळाला नव्हे. ते इंजिनाचे फेरे मोजतं. एका ठरावीक फेऱ्यांवर इंजिन चाललं तरच मीटरचा तास हा घड्याळाचा तास असतो. समजा मीटर मिनिटाला १,५०० फेऱ्यांवर बांधलेलं आहे. ट्रॅक्टर ७५० फेऱ्यांवर नुसता गुरगुरत दोन तास उभा राहिला, तर मीटरवर एकच तास पडेल. नव्या विजेवरच्या तासमीटरांत इंजिन चालू असेपर्यंत घड्याळासारखे तास पडतात.

म्हणून रोटाव्हेटर, मळणी किंवा जेसीबी तासावर लावताना आधीच बोलून घ्या: तास घड्याळाचा की मीटरचा? काम सुरू झालं ती वेळ आणि थांबलं ती वेळ दोघांनी समोरासमोर लिहावी. डिझेल भरायला, पिना बदलायला, जेवायला गेलेला वेळ धरायचा की नाही, तेही आधीच ठरवावं. अर्धे तंटे इथंच मिटतात.

आणि ज्यांच्या ट्रॅक्टरचं तासमीटर बंद पडलं आहे, त्यांनी ते आधी दुरुस्त करून घ्यावं. मीटर बंद म्हणजे ऑइल कधी बदललं याचा पत्ता नाही. मीटरची दुरुस्ती स्वस्त, इंजिनाचं काम महाग. दुरुस्ती होईपर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचे तास मांडत जा.

फवारणीत वेगाची चूक

ट्रॅक्टरच्या पंपानं फवारणी करताना एकरी किती औषध पडतं हे वेगावर ठरतं. ट्रॅक्टरवर गिअर आणि फेऱ्यांनुसार वेगाचा तक्ता लावलेला असतो. पण तो घट्ट जमिनीचा आणि मूळ टायरचा. नांगरलेल्या, ओल्या रानात चाक घसरतं. चाक फिरतं, पण ट्रॅक्टर तितका पुढं जात नाही.

म्हणून ज्या रानात फवारायचं आहे त्याच रानात टेपनं ५० मीटर मोजा, दोन्ही टोकांना काठ्या रोवा. ट्रॅक्टर आधीच चालता ठेवून पहिली काठी ओलांडताना घड्याळ सुरू करा, दुसरी ओलांडताना थांबवा. १८० ला आलेल्या सेकंदांनी भागा. ४५ सेकंद लागले तर ताशी ४ किलोमीटर, ३६ लागले तर ताशी ५.

ताशी ४ ला तुमचा पंप एकरी २०० लिटर द्रावण टाकत असेल, तर दाब तोच ठेवून ताशी ५ नं चालवल्यावर एकरी १६० लिटरच पडेल. औषधाची मात्रा पाचव्या हिश्शानं घटली. कीड मरत नाही, मग आपण औषधाला नावं ठेवतो आणि दुसरी फवारणी करतो. उलट घसरणीमुळं वेग कमी झाला तर औषध जास्त पडून पीक करपू शकतं. दोन काठ्या आणि एक घड्याळ, एवढ्यात हे टळतं.

जुनी गाडी घेताना

आता मुद्दाम केलेल्या लबाडीकडं येऊ. जुन्या गाडीचं मोल रीडिंगवर ठरतं, म्हणून रीडिंग मागं फिरवणारे असतात. केबलच्या मीटरात ड्रम हातानं फिरवतात, किंवा केबल काढून ठेवून गाडी पळवतात. नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरात यंत्र जोडून आकडा बदलतात, त्याची बाहेरून खूणही दिसत नाही. शिवाय पाच आकडी जुनं मीटर ९९,९९९ नंतर पुन्हा शून्यावर येतं. २०,००० दिसलं तर ते १,२०,००० ही असू शकतं. तेव्हा आकडा पाहू नका, गाडी पाहा:

एक. ब्रेक आणि क्लचच्या पायपट्टीचे रबर, स्टिअरिंग, गिअरची मूठ, चालकाची सीट पाहावी. रीडिंग थोडे आणि हे सगळे घासून गुळगुळीत, तर काहीतरी पाणी मुरते आहे.

दोन. आकड्यांचे ड्रम एका ओळीत आहेत का, मीटरच्या स्क्रूवर ओरखडे आहेत का, ते पाहावे.

तीन. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. २०१९ ची गाडी, रीडिंग बारा हजार, आणि टायर २०२३ चे, तर पहिले टायर गेले कुठे असे विचारावे.

चार. सर्व्हिसिंगची पावती-पुस्तके मागावीत. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवर प्रत्येक भेटीचे रीडिंग नोंदलेले असते. मालकाला बरोबर घेऊन ते पाहून यावे. मालक टाळाटाळ करू लागला तर आपणही व्यवहार टाळावा.

पाच. ट्रॅक्टर असेल तर मागच्या टायरच्या दातांची झीज, हायड्रॉलिक, पीटीओचा शाफ्ट, धूर आणि सकाळी थंड इंजिन कसे सुरू होते, हे भरवशाच्या मिस्त्रीला दाखवावे.

सहा. व्यवहाराच्या कागदावर त्या दिवशीचे रीडिंग लिहून दोघांनी सह्या कराव्यात आणि मीटर बदललेले किंवा फिरवलेले नाही असे विकणाऱ्याकडून लिहून घ्यावे.

अमेरिकेत १९७२ पासून गाडी विकताना रीडिंग लेखी देण्याचा कायदा आहे. आपण कायद्याची वाट कशाला पाहायची? एक ओळ लिहून घ्यायला पैसा लागत नाही. रीडिंग फिरवून गाडी गळ्यात मारणं ही फसवणूकच आहे आणि तिच्याबद्दल पोलिसांत तक्रार देता येते. गाडी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडून घेतली असेल तर जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडंही जाता येतं. पण दोन्हीकडं हातात कागद लागतो. तोंडी बोलणं वाऱ्यावर जातं.

ध्यानात ठेवण्याजोगं

वेगाचा काटा थोडा जास्त दाखवतो, ते चालेल. कमी दाखवत असेल तर गाडी गॅरेजला न्या. टायर मूळ मापाचेच घाला. वर्षातून एकदा आणि टायर बदलल्यावर दगडावर मीटर पारखा आणि निघालेली टक्केवारी गाडीच्या कागदांत लिहून ठेवा. काटा उड्या मारू लागला तर केबल पाहा, ती तुटायची वाट पाहू नका. तासावरचं काम घड्याळावर ठरवा. फवारणीआधी रानात पन्नास मीटर मोजा. आणि जुनी गाडी घेताना मीटरचा आकडा शेवटी पाहा.

घरात शिकणारी मुलं-मुली असतील तर हा पडताळा त्यांच्याकडून करून घ्या. टक्केवारीचं गणित त्यांना पुस्तकात आहेच, ते एकदा रस्त्यावर केलं की पक्कं होईल, आणि तुमचं मीटरही तपासून होईल.